करामातली तिकडची ताटं

लाल वाळू

“हवा कुणी भरली? मला फक्त एवढंच सांगा, हवा कुणी भरली?”

हसनभाई ओरडत होते. आजूबाजूला नजर पोचेल तिथपर्यंत लाल वाळू, आणि त्या सगळ्या वाळूत ऐकायला आम्ही तिघंच. तरी त्यांचा आवाज असा लागला होता, की लांबवर चरणारा एक उंट तोंडातलं झुडूप तसंच ठेवून आमच्याकडे बघायला लागला. ओमानच्या सरहद्दीवरच्या पहारेकऱ्यांनीही तेव्हा आपापल्या टायरांना हात लावून पाहिला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

गाडीची चारही चाकं निम्म्याहून जास्त वाळूत गेली होती. माझा धाकटा भाऊ वसंता हातात बूट घेऊन उभा होता. मागच्या सीटवर मांडीवर टोपी ठेवून, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखे ताठ, एक जपानी कादंबरीकार बसले होते. मी उंटाकडे बघत होतो. उंटात बघण्यासारखं बरंच असतं.

“दादा,” वसंता मला म्हणाला, “पेट्रोल पंपावर तू खाली उतरला होतास.”

आता मला सांगा, तासगावहून कोल्हापूरला निघालं तरी माणूस आधी हवा चेक करतो की नाही? लांबचा प्रवास, चार माणसं, त्यात एक पाहुणे. हसनभाई चहा आणायला गेले होते. मी पंपावरच्या माणसाला म्हटलं, “फुल. एकदम टाइट.” त्याने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भरली. वाळूत जाताना हवा काढायची असते, टायर पसरट करून उंटाच्या पावलासारखा वाळूवर टेकवायचा असतो, हे मला कुणी सांगावं? चाळीस वर्षं मी तासगावात पाण्याच्या मोटारी विकल्या. आमच्या काळ्या मातीत रुतलेला ट्रॅक्टर काढायला एकदा बारा बैल आणि एक आमदार लागला होता. पण हवा काढा असं त्यातल्या एकानेही सुचवलं नव्हतं.

हा जपानी लेखक, खेडचे हसनभाई आणि तासगावचे आम्ही दोघे भाऊ एका गाडीत कसे आलो, हे आधीपासून सांगितलं पाहिजे. नाहीतर तुम्हाला वाटेल मी रचून सांगतोय. मी रचतो, नाही असं नाही. पण यात फार रचलेलं नाही.

करामा

मी दुबईला फिरायला गेलो असं गावात सांगितलं होतं. खरं तर मी वसंताला आणायला गेलो होतो.

वसंता तिशीच्या आत इथे आला, दोन वर्षांसाठी. रास अल खोरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका गोदामात हिशेब लिहायला लागला आणि दर वर्षी म्हणत राहिला, “पुढच्या वर्षी खलास, परत येणार.” त्याच्या ‘पुढच्या वर्षी’त आमचे आईवडील गेले, त्याचा अमेय शिकून पुण्यात नोकरीला लागला, आणि दोन वर्षांपूर्वी त्याची बायको नंदा गेली. आता तो रिटायर झाला होता. महिनाअखेरीपर्यंतच व्हिसा होता. अमेयने बाणेरच्या फ्लॅटमध्ये बाबांची खोली रंगवून ठेवली होती आणि बाबा तिकीट काढत नव्हते. विचारलं की म्हणायचे, “बघू.”

“काका, तुम्ही जा,” अमेय मला फोनवर म्हणाला. “ही इज नॉट इव्हन डिस्कसिंग इट. तुमचं ऐकतील.”

वसंताने माझं आयुष्यात एकदाच ऐकलंय, आणि त्या वेळी तो विहिरीत पडला होता. तरी मी गेलो.

दुबई म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे उंच उंच येतं, ते वसंता राहतो त्या करामा वस्तीतून दिसतं, पण लांबून, दुसऱ्याच्या लग्नाचा मांडव दिसावा तसं. करामा बुटकं आहे. चार मजली जुन्या इमारती, बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे, खाली इडलीवाला, शिंपी, चांदीचे पैंजण, आणि कोपऱ्यावर कढीपत्त्याचे ढीग. कुणीतरी पुण्याचा लक्ष्मी रोड उचलून, झाडून, वाळवंटात वाळत टाकल्यासारखा. कोपऱ्यावरचा कडक चहा दोन दिरहमला, म्हणजे आपले पन्नासेक रुपये, हे मी तिथे मोठ्याने म्हटलं तर शेजारच्या बाकावरचा अनोळखी माणूस म्हणाला, “काका, गुणाकार करू नका, तहान लागत नाही मग.”

संध्याकाळी वसंता मला फिरवायचा. बोलायचा कमी, हात जास्त करायचा. “इथे कोथिंबीर चांगली मिळते.” मग दहा पावलांवर, “इथे नंदाचं भांडण झालं होतं. कोथिंबिरीवरूनच.” मग, “या बाकावर ती बसायची, गुडघा दुखला की.” जगातली सगळ्यात उंच इमारत त्याने मला दाखवली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “ती काय, दिसतेच.”

आणि घर. घर पाहून मला धक्का बसला, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो. सोफ्याची एक स्प्रिंग अशी वर आलेली, की त्यावर बसलेला माणूस सतत काहीतरी सांगायला उठतोय असं वाटायचं. जेवायला मेलामाइनच्या दोन प्लेटा, त्यावरची फुलं धुऊन धुऊन कोमेजलेली. गॅसवर कान तुटलेली कढई. आयुष्यभर बऱ्या पगारावर राहिलेल्या माणसाचं घर.

“इथे कशाला घ्यायचं?” वसंता म्हणाला. “चांगलं सगळं तिकडे.”

‘तिकडे’ म्हणताना तो हात फ्रिजच्या दिशेने करतो. फ्रिजच्या मागे कुठेतरी भारत आहे. मग मला हळूहळू कळलं की त्या इमारतीत सगळेच फ्रिजकडे हात करतात. चांगल्या चादरी तिकडे, नवा मिक्सर तिकडे, चांगला सोफा तिकडे घेऊ. इथे काय, आपण आज आहोत, उद्या नाही. असं म्हणत म्हणत माणसं इथे तीस तीस वर्षं जुन्या कढईत भाजी परततात.

एवढ्या घरात एकच नवी सवय दिसली. वसंता पुस्तक वाचत होता. करामातून कुणी कायमचं गेलं की नको ते सामान जिन्याखाली ठेवून जातं, ज्याला हवं त्याने उचलावं. नंदा गेल्यावर काही दिवसांनी त्याला तिथे एक इंग्रजी पुस्तक मिळालं, एका जपानी लेखकाचं, तोमिनागा नावाच्या. रेल्वेच्या हरवल्या-सापडल्या सामानाच्या ऑफिसात काम करणाऱ्या कारकुनाची गोष्ट. वसंताने ते चार वेळा वाचलं होतं. मीही चाळीस पानं वाचली. चाळीस पानांत त्या कारकुनाने एक छत्री उचलली आणि ठेवली. चाळिसाव्या पानावर तो ती पुन्हा उचलेल असं वाटत होतं, तेव्हा मला झोप लागली.

“यात होतं काय?” मी विचारलं.

“काही नाही,” वसंता म्हणाला. “म्हणून वाचता येतं.”

शारजा

त्या दिवसांत शारजाला पुस्तकांची मोठी जत्रा भरली होती, आणि हे तोमिनागा तिथे बोलायला येणार होते. वसंताला जायचं होतं आणि जायचं नव्हतं. मी त्याला शर्ट बदलायला लावला आणि टॅक्सीत घातला.

जत्रा अशी, की आपल्याकडच्या साहित्य संमेलनाचा मांडव तिच्या नुसत्या चपलांच्या जागेत मावेल. लहान लहान अरब मुली चाकांच्या बॅगांमध्ये पुस्तकं भरून ओढत नेत होत्या. तोमिनागांच्या सभेला मात्र खुर्च्या पुष्कळ आणि माणसं तुरळक. सत्तरीचे, बारीक, पांढरे केस कापसासारखे. सूत्रसंचालक बाईंनी विचारलं, “तुमच्या लेखनात वेळ म्हणजे काय?” त्यावर ते इतका वेळ गप्प राहिले, की एक माणूस येऊन माइक तपासून गेला. मग म्हणाले,

“लोक म्हणतात, वेळ जातो. मी ज्या ऑफिसात नोकरी केली तिथे तो रोज संध्याकाळच्या गाडीने यायचा आणि फळीवर बसून राहायचा. कुणी न्यायला यायचं नाही.”

मी वसंताकडे पाहिलं. तो पुढे वाकून बसला होता, लहानपणी रेडिओला कान लावायचा तसा.

सभा संपल्यावर तो दाराकडे निघाला. मी त्याचा दंड धरून त्याला स्टेजपर्यंत नेलं, लेखकाचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि मोटारी विकताना जे इंग्रजी वापरायचो त्यात सांगितलं, की हा माझा भाऊ, तुमचं पुस्तक याने चाळीस वेळा वाचलंय. (चार म्हटलं तर जगात कुणाला काय वाटतं?) आणि निरोप घेताना, जे कुठलाही सभ्य माणूस म्हणतो, ते म्हटलं: “या एकदा घरी जेवायला.”

तोमिनागांनी खिशातून छोटी डायरी काढली. पेन काढलं.

“धन्यवाद,” ते म्हणाले. “कुठल्या दिवशी?”

आता तुम्हीच सांगा. ‘या एकदा जेवायला’ हे मी आयुष्यात हजारो लोकांना म्हटलं असेल. बँक मॅनेजरला, रस्ता विचारणाऱ्याला, एकदा तर मोटार परत करायला भांडत आलेल्या माणसालाही. ते सगळे खरंच आले तर मला दोन एकर द्राक्षबाग विकावी लागेल. ऐकणाराही म्हणतो ‘येऊ की’, आणि दोघेही सुखाने आपापल्या घरी जेवतात. ही आपली रीत. तारीख विचारणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो.

“कधीही,” मी म्हणालो. “घर तुमचंच आहे.”

“उद्या मी मोकळा आहे. सात वाजता?”

टॅक्सीत वसंता म्हणाला, “दादा, घरात प्लेटा दोन आहेत.”

ताटं

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या इमारतीत पळापळ झाली. खाली एक सुटातला गंभीर माणूस घड्याळ बघत बघत इमारतीला फेऱ्या मारत होता. तिसऱ्या मजल्यावर एका फ्लॅटमध्ये कोकणातले बॅचलर राहतात. किती राहतात ते त्यांनाही नक्की माहीत नाही. कुणीतरी तपासणीला आलंय अशी आवई उठली आणि पोरांनी गाद्या गुंडाळून गच्चीवर पळवल्या. एकजण कपाटात गेला तो रात्रीच निघाला, असं म्हणतात. म्हणणारा मीच.

हे सगळं आम्हाला सांगायला हसनभाई वर आले. हे वसंताचे जुने मित्र, रास अल खोरच्या भाजी मार्केटात गाडी चालवायचे, मूळ खेडचे. “वसंतभाऊ, खाली तो जपानी कोण? तीन चकरा झाल्या त्याच्या.”

मी बाल्कनीतून पाहिलं. तोमिनागा लवकर पोचले होते, आणि लवकर येणं म्हणजे यजमानाचा वेळ चोरणं, म्हणून खाली फिरत होते. बरोबर सातला बेल वाजली. मी तेव्हा बनियनवर होतो. आमच्याकडे सातला बोलावलेला पाहुणा साडेआठला येतो आणि ‘लवकर आलो का’ विचारतो.

स्वयंपाक वसंताने केला होता. पिठलं, भरली वांगी, आणि मी गावाहून नेलेल्या पिठाच्या ज्वारीच्या भाकरी. आमच्या हिने दिलेला ठेचा मी वाटीभर काढला होता. तो इतका तिखट असतो की त्याची बरणी विमानात नेताना मला भीती होती, स्फोटक म्हणून धरतील. हसनभाईंनाही थांबवून घेतलं. म्हणजे माणसं चार, प्लेटा दोन.

“कागदी आणतो खालून,” वसंता म्हणाला.

“जपानहून आलेल्या माणसाला कागदावर जेवायला घालणार?”

मी पलंगाखाली वाकलो. तिथे एक खोकं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रात्री खाली गादीवर पाय ताणला की लागायचं. तपकिरी टेप, वर मार्करने ‘पुणे’. मी ते ओढून बाहेर काढलं आणि भाजीच्या सुरीने टेप कापली.

“दादा.” वसंता दारात उभा होता, हाताला पीठ. “ती तिकडची आहेत.”

“तिकडे कुणाची?”

“कुणाची म्हणजे काय? तिकडची. नंदाने घेतली होती. पुण्याच्या घरासाठी.”

तोवर खोकं उघडलं होतं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली पांढरी ताटं, निळी कड. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडून इतका कुरकुरीत झाला होता, की हातात पापडासारखा मोडला. मी बोलण्यात कधी अडत नाही, पण तेव्हा अडलो. कारण मला एकदम दिसलं, की ही ताटं घेऊन घरी आलेली नंदा त्या रात्रीही मेलामाइनमध्येच जेवली. दुसऱ्या रात्रीही. आणि पुढच्या सगळ्या रात्री.

“गुंडाळून ठेवतो परत,” मी म्हणालो.

वसंता आला. खाली बसला. एक ताट उचललं, बोटाने त्याच्या कडेवरून फिरवलं. मग चार ताटं घेऊन ओट्याकडे गेला आणि नळाखाली धुवायला लागला. तो इतका वेळ धूत होता की भाकरी गार झाल्या. बाहेर हसनभाई तोमिनागांना इंग्रजीत खेडच्या जगबुडी नदीची माहिती देत होते. आत आम्ही दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे.

जेवायला बसलो. तोमिनागांनी आधी हात जोडून जेवणाला नमस्कार केला. मला ते फार आवडलं, आपल्या ‘वदनी कवळ’च्या घरातलं कुणी असल्यासारखं. भाकरी हाताने कशी मोडायची ते वसंताने दाखवलं. ठेचा चाखल्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण चेहरा हलला नाही. ते फक्त म्हणाले, “हे ज्यांनी केलं त्यांना माझा आदर सांगा.” मी हिला फोन करून सांगितलं. ही म्हणाली, “बघा. परक्याला कळतं.”

मग ताटाची निळी कड बघत त्यांनी विचारलं, “हे सुंदर आहे. जुनं?”

“जुनं आणि नवं,” वसंता म्हणाला. त्याने त्यांना सगळं सांगितलं. हळूहळू, ऑफिसच्या इंग्रजीत, ई-मेल लिहिल्यासारखं. ताटं कुणी घेतली, कुठल्या घरासाठी, ते घर कधी झालं नाही. बायको गेली त्याच वर्षीच्या दिवाळीत तिला जाऊन फ्लॅट बघायचा होता. मी भाऊ आहे त्याचा, आणि हे मला तेव्हा त्या जपानी माणसाबरोबर कळत होतं.

तोमिनागा ऐकून घेतल्यावर म्हणाले, “आमच्या ऑफिसात वस्तू तीन महिने ठेवायचे. नंतर ती त्या माणसाची राहत नसे. मी तरुण होतो तेव्हा मला हा नियम निर्दय वाटायचा. एका लहान मुलीचा रेनकोट होता, तो मी लपवून वर्षभर ठेवला. वर्षाने कळलं, आता ती मुलगी आली तरी तो तिला होणार नाही.” त्यांनी भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला. “मग मी तो दुसऱ्या एका मुलीला दिला. पाऊस होताच.”

वसंताने त्यांच्या ताटात आणखी एक वांगं वाढलं.

निघताना ते म्हणाले की त्यांना हॉटेल नसलेली, दिवे नसलेली वाळू बघायची आहे. हसनभाई म्हणाले, “उद्या सुट्टी. माझी गाडी आहे. यल्ला, निघू या.”

पुन्हा वाळू

तर अशी ती गाडी, आणि अशी ती हवा.

हसनभाई एकेका टायराशी बसून किल्लीच्या टोकाने हवा सोडत होते. फुस्स आवाजाबरोबर त्यांचा राग थोडा थोडा उतरत होता. “टायरातली मी काढतो, दादा,” ते मान वर न करता म्हणाले. “तुमच्यातली कोण काढणार?” वसंता हसला. नंदा गेल्यानंतर मी त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं, आणि तेवढ्यासाठी मी त्या देशातल्या सगळ्या गाड्यांत हवा भरायला तयार होतो.

तोमिनागा खाली उतरून, मोजे काढून, वाळूत पाय घालून बसले. आम्ही शेजारी बसलो. ऊन कलत होतं. ती वाळू दुपारी विटेसारखी दिसते आणि उन्हं उतरली की तिच्यात जास्वंद मिसळते. वारा आला की टेकाडाच्या कडेवरून तिचा पातळ पदर उडतो. एवढं मी खरं सांगतोय, यात काही वाढवण्याची गरजच नाही.

जत्रेच्या पत्रकात त्यांच्या नावाखाली ‘स्वतःचा शोध’ असं काहीतरी छापलं होतं. मी विचारलं, “तुम्हाला तुमचा शोध कधी लागला?”

ते लाजले. “मी शोधलं नाही. हरवलेल्या वस्तूला शोधता येत नाही, ती बाकावर पडलेली असते. मी अठ्ठावन्न वर्षांचा होईपर्यंत एक ओळ लिहिली नव्हती. रोज घरी जाऊन बायकोला सांगायचो, आज काय काय आलं. एकदा ती म्हणाली, तुम्ही यादी नाही सांगत, गोष्ट सांगता. उद्यापासून लिहा. झालं. कुणीतरी येतं, आपल्याला उचलतं, काउंटरवर आणून ठेवतं. म्हणतं, हे कुणाचं तरी आहे, जपून ठेवा.”

वसंता वाळू मुठीत घेत होता आणि सोडत होता. मग तो बोलायला लागला, मराठीत, म्हणजे माझ्याशी.

“अमेयची खोली चांगली आहे, दादा. फोटो पाठवलेत त्याने. एसी आहे, मोठी खिडकी आहे. सूनही चांगली आहे. प्रॉब्लेम तो नाही.”

“मग?”

“नंदा तिकडे राहिलीच नाही कधी. लग्न झालं आणि वर्षात इकडे आली. तिकडे जायची ती पाहुणी म्हणून, महिनाभर. इथे जिना चढताना मला माहीत असतं, ती कुठे टेकायची. कोथिंबीरवाला अजून म्हणतो, भाभी होती तेव्हा भाव करायला मजा होती. बाणेरला तिला ओळखणारा एक माणूस नाही. मी तिकडे गेलो की ती खलास. नुसता फोटो.”

तर हे होतं. तिकिटाचं, व्हिसाचं, खोलीच्या रंगाचं काही नव्हतं. फोनवर अमेयला मी शंभर कारणं सांगितली होती, त्यात हे नव्हतं.

मागे दुसरा टायर फुस्स करत होता. मग मी म्हणालो, “तासगावात आहे ना.”

“काय?”

“ओळखणारा माणूस. नंदा पहिल्यांदा माप ओलांडून आपल्याच घरात आली, वसंता. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं होतं, भाऊजी, तुम्ही सांगितलं त्यातलं निम्मं खरं धरू की पाव? सगळ्यांसमोर. ते अजून कुणाच्या लक्षात आहे? माझ्या आहे, तुझ्या वहिनीच्या आहे.”

वसंताने मुठीतली वाळू सोडून दिली.

“आठ दिवस अमेयकडे राहा. महिनाभर राहा. पण मग ये. मागची खोली रिकामी आहे, रंगवलेली नाही, पाल आहे एक. मी तुला आणायला आलो ते अमेयने सांगितलं म्हणून, हे खरं आहे. पण तेवढंच नाही. गावात मी काही सांगितलं की लोक एकतर सगळं खरं धरतात, नाहीतर सगळं खोटं. घरात ही म्हणते, पुरे. किती वजा करायचं हे माहीत असलेला माणूस मला एकच उरलाय. तो इथे बसून वाळू मोजतोय.”

यात मी एक शब्द वाढवला नव्हता. वसंताला ते कळलं असावं. तो उठला, बाह्या वर केल्या आणि हसनभाईंच्या शेजारी बसून चाकाखालची वाळू दोन्ही हातांनी उकरायला लागला. तोमिनागा काय समजायचं ते समजले. त्यांनीही पॅन्ट दुमडली आणि दुसऱ्या चाकाला लागले. मी गाडीतली पायपुसणी काढून चाकांखाली घातली. शेवटी हसनभाईंनी गाडी मागे घेतली, पुढे घेतली, आणि ती पसरट पावलांची गाडी खोकत खोकत टेकाडावर चढली. उंट चरायला लागला.

हॉटेलच्या दारात तोमिनागांनी आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला. “तुम्हीही माझ्या घरी जेवायला या,” ते म्हणाले.

“येऊ, येऊ, नक्की येऊ एकदा,” मी म्हणालो.

त्यांनी डायरी काढली होती.

मी एप्रिल म्हटलं. द्राक्षं संपलेली असतात.

तासगाव

परतून आता मला काही दिवस झाले. या दिवसांत वाळूची ती टेकडी पन्हाळ्याएवढी झालीय आणि उंट एकाचे सात झालेत, हे मी नाकारत नाही. करामातून निघताना वसंता मला सोडायला विमानतळावर आला होता. वाटेत कोथिंबिरीच्या दुकानाशी टॅक्सी थांबवून त्याने मला उगाच एक जुडी घेऊन दिली. ती विमानात मांडीवर घेऊन मी आलो. तिकिटाबद्दल तो बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर ‘बघू’ म्हणाला असता, आणि ते ऐकायला मी तयार नव्हतो.

इथे आल्यावर मागची खोली झाडून घेतली. पाल हलली नाही. ही म्हणाली, “राहू दे, बोलायला कुणी असेल भाऊजींना.” अमेयचा रोज फोन, “काका, एनी अपडेट?” मी रोज म्हणायचो, चाललंय. काय चाललंय ते मलाही माहीत नव्हतं. महिनाअखेर जवळ आली तसा मी सारखा कॅलेंडरासमोर जाऊन उभा राहायला लागलो. जिना चढणारा तो माणूस मला दिसायचा आणि वाटायचं, आपण त्याला तासगावचा रस्ता एकदाच दाखवला, आणखी दोनदा दाखवायला हवा होता.

काल दुपारी वसंताचा फोन आला. आवाज गोदामातून बोलल्यासारखा घुमत होता.

“कुठे आहेस?” मी विचारलं.

“घरात. सामान गेलं सगळं. जिन्याखाली ठेवलं, लोक घेऊन गेले. सोफासुद्धा नेला, दादा. कमाल आहे.”

मी म्हणालो, “मग? इकडे कधी?”

“आठ दिवस अमेयकडे. मग येतो.”

मी खुर्चीत बसलो होतो तो उभा राहिलो. ही स्वयंपाकघरातून बघायला लागली. मी म्हणालो, “वसंता, नुसता ये तू. सांगली स्टेशनवर बँड लावतो. हत्ती सांगतो. अख्खं तासगाव आणतो तुला घ्यायला, शाळेला सुट्टी द्यायला लावतो, रांगोळी स्टेशनपासून घरापर्यंत.”

“म्हणजे तू आणि वहिनी,” वसंता म्हणाला. “बरं.”